दवाखान्याची चिठ्ठी

खोटं वाटेल, पण सत्तावनच्या मतमोजणीत मी हजर होतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आमदार डोमाजींनी दिल्लीच्या योजनेतला फुकट दवाखाना वेणा नदीकाठी आणला आणि साऱ्या जातींना एकाच बाकावर बसवलं. गावांचे जुने जमीनदार, मालगुजार यादोजी भडकले. दवाखाना बंद करीन म्हणत निवडणुकीला उभे राहिले आणि 'मत मालगुजारांनाच' अशी गावोगाव शपथ घ्यायला लावली. लोकांनी शपथ पाळली. पण मन मानेना, म्हणून डोमाजींच्या रिकाम्या पेटीत आपापली दवाखान्याची चिठ्ठी टाकून आले. डोमाजी पडले, त्यांच्या पेटीतून चिठ्ठ्यांचा ढीग निघाला. "काऊन जी डोमाजी, आता बिमार मोजून राह्यले का?" मालगुजारांनी हसत एक चिठ्ठी उचलली. तिच्यावर त्यांच्याच बायकोचं नाव होतं. हसू विरलं. डोमाजी हळूच म्हणाले, "जपून ठेवा, मालगुजार. चिठ्ठीबिगर वैनीले पुढचं औषध भेटत नाई."