एक टिक काढली

"बाबा, सगळ्या चौकोनांत टिक करा आणि पुसून टाका," फोनवरून शर्वरी म्हणाली. "ब्राउझरने साठवलेली जुनी माहिती, ती कॅशे, बिघडलीय, म्हणून आईचं पाककृतींचं पान उघडत नाहीये."

"थांब गं," दिगंबरराव म्हणाले. "यात पासवर्डही आहेत. तुझी आई पासवर्ड सांगून गेली नाही; तो या कॉम्प्युटरलाच ठाऊक. पुसला तर तिच्या पानावर पुन्हा लिहिता येणार नाही."

"अगंबाई, खरंच की! आईसारखेच सावध; तिचे शिष्य शोभता!"

त्यांनी पासवर्डपुढची टिक काढली, बाकीचं पुसलं. पान उघडलं. अनारशांखाली कुणीतरी विचारलं होतं, "काकू, माझे तुपात हसतात, पार विरघळतात. काय चुकतं?"

ताठ बसून त्यांनी उत्तर टाइप केलं, "गूळ जास्त पडलाय. थोडी तांदळाची पिठी मिसळा. काकू आता नाहीत, पण त्यांचं पीठ मीच मळायचो."