आतड्याकडची बाजू

आचऱ्याच्या बाबली कुबलचं हर्नियाचं ऑपरेशन उत्तम झालं. हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं समजू, कारण बाबली अजून डॉक्टर सारिकांसमोर खुर्चीत बसलाय आणि नको म्हणतोय.

दरवर्षीची पावसाळी मासेमारी बंदी नुकतीच लागली होती. आत्ता पोट शिवून घेतलं तर बंदी उठेपर्यंत तो पुन्हा जाळं ओढायला उभा राहणार होता. नाहीतर होडी मुलाच्या, सुदेशच्या हाती जाणार, आणि सुदेशला बंदरात बांधलेल्या होडीतसुद्धा उलट्या होतात.

"आमच्या तुकारामाच्या पोटातल्या जाळयेक आतडां चिकाटलां," बाबली म्हणाला. "परत पोट उघडूचां लागलां. माका तसां नको."

डॉक्टरांनी हर्नियाच्या जागी आतून बसवायच्या जाळीचे दोन तुकडे पुढे ठेवले. "ही साधी जाळी. आतड्याला टेकली तर चिकटू शकते. ही दुसरी बघा. खरखरीत बाजू पोटाच्या भिंतीला धरते. आतड्याकडच्या बाजूला गुळगुळीत थर आहे. जखम भरेपर्यंत तो आतडं लांब ठेवतो. चिकटायची भीती शून्य नाही, पण पुष्कळ कमी."

बाबलीने दुसरी जाळी उजेडात धरली, ताणली, हुंगली आणि शेवटी दातांनी ओढून पाहिली. नमुन्याचाच तुकडा होता, म्हणून डॉक्टरांनी ओढू दिली.

"बरी आसा. पण उलटी घातलात तर?"

"तिच्यावर खूण असते."

"आमच्या जाळ्याकय असता." त्याने खिशातून लाल चिंधी काढली. कुबलांचं कुठलंही जाळं अशी ओळखीची चिंधी बांधल्याशिवाय पाण्यात गेलेलं नाही. "ही पण बांधा."

"अवो," बायको जानकी म्हणाली, "तुमच्या पोटातली जाळी दुसरो कोण ओढून नेतलो?"

बाबलीने बराच वेळ विचार केला. तसं कोणी आठवेना. चिंधी खिशात गेली आणि मान हलली.

दोन दिवसांनी तो ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होता. भुलीचा मास्क नाकाशी आला तसा त्याने हात वर केला आणि मासेमारी खात्यात बोलायची शुद्ध मराठी काढली.

"मॅडम, विनंती अशी की, दरवर्षी बंदीच्या काळात सदर जाळी बाहेर काढून, गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, फाटली असल्यास विणून, पूर्ववत बसवून देण्यात यावी."