बिनलेबलाची बरणी

दिवाणखान्याच्या भिंतीला टाचण्यांनी लावलेल्या चादरीवर द्राक्षांचे मळे उलटे लटकत होते.

"सरळ लाव रे बाबा, मान मोडली माझी!" सुप्रभाताई म्हणाल्या.

डॉ. उदयनं, म्हणजे त्यांच्या लेकानं, स्लाइड काढून पुन्हा नीट घातली. बाहेर लेस्टरचा नोव्हेंबर, रविवारची ओली, मळकट दुपार. पडदे ओढलेले. आत भिंतीवर मात्र इटलीतलं लख्ख ऊन पडलं होतं. महिन्याभरापूर्वी आई, लेक आणि सून वीणा असे तिघं कोच टूरनं पीडमाँटची खेडी फिरून आले होते. बाकीचा कोच वाइन चाखायला आला होता. सुप्रभाताई आल्या होत्या, कारण त्यांना एकटीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचं?

त्यांच्या मांडीवर आत्ता ताटली होती. तिच्यात ब्रेडचे तुकडे, लाल ढोबळी मिरचीच्या फोडी आणि बाजूला तिथूनच आणलेली चटणीची बरणी. तेलकट, तपकिरी, लसणाचा घमघमाट. ब्रेड बुडवून त्या खात होत्या आणि भिंतीकडे बघत होत्या.

डोंगरमाथ्यावरचं गाव गेलं. अंगणात वाळत घातलेले हेझलनट गेले. मळलेल्या पिठाच्या शेवयांसारख्या बारीक पट्ट्या कापणारी म्हातारी गेली.

"थांब थांब! हेच ते!"

शेतघरातलं स्वयंपाकघर. टेबलाच्या मधोमध मातीचं मडकं, त्याखाली मंद ज्योत, आणि सगळे भोवती बसून भाज्या बुडवून खाताहेत. त्यात नऊवारीवर कार्डिगन घातलेल्या सुप्रभाताई. हातात तेल ठिबकणारा ब्रेड, आणि तोंडभर हसू. उदयनं आईला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

पुढची स्लाइड त्यानं हातातच ठेवली.

मडकं टेबलावर यायच्या आधीच गाइडनं त्याच्या कानात सांगितलं होतं. तेल, लसूण आणि बारीक मासे. विरघळून दिसेनासे होईपर्यंत शिजवलेले. चार दिवस नुसता ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाऊन सुकलेलं आईचं तोंड त्यानं पाहिलं, आणि मूग गिळून गप्प बसला. वर शेवटच्या दिवशी आईनं मागितली म्हणून त्याच चटणीची बरणी विकतही घेऊन दिली.

आई मालवणची. माशांवर जीव. उदय लहान असताना वडील गेले आणि त्या दिवसापासून तिनं मासा तोंडाला लावला नाही. त्याला सुरमई तळून वाढायची, आपल्या पानात आमटी-भात घ्यायची. एवढं पाळलेलं व्रत, आणि लेकानंच ते मोडलं!

बरणीच्या लेबलावर तर चक्क माशांचं चित्र होतं. घरी आल्यावर ते खरवडून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. पण कपाट उघडलं तर बरणी आधीच स्वच्छ. वीणानं काढलं असणार, असं समजून तो विषय त्यानं तिथेच सोडला. तेव्हापासून आई रोज चमचाभर खात होती. फक्त सोमवारी आणि एकादशीला नाही. लसूण असतो ना त्यात, म्हणायची.

"संपत आली रे," सुप्रभाताई बरणी तिरपी करून म्हणाल्या. "लंडनला मिळेल का?"

उदयला आता राहवेना. "आई, एक सांगायचंय."

शेजारी उभ्या असलेल्या वीणानं त्याला चिमटा काढला. पण व्हायचं ते झालंच.

"त्यात मासे आहेत, आई. मला तिथेच कळलं होतं. तू इतकी आवडीनं खात होतीस... चुकलो मी. आणि वीणानं लेबल काढलं तेसुद्धा—"

"मी?" वीणा म्हणाली. "मला वाटलं, तू काढलंस!"

दोघांनी एकदमच सुप्रभाताईंकडे पाहिलं.

त्यांनी हातातला तुकडा ताटलीच्या कडेला ठेवला. "मेल्या, मालवणात जन्मले मी. पहिल्या घासाला कळलं नसेल मला?"

"मग... तू काही बोलली नाहीस?"

"कोणीच काही बोललं नव्हतं, तोवर मला माहीत नव्हतं." "आता तू बोललास."

"अगं, मग खा ना! इथे कोण बघतंय? मी सांगतो, खा."

"तू सांगितलंस म्हणून खाऊ? आता ते जाणूनबुजून खाणं झालं, उदय. ते मला नाही जमायचं. इतकी वर्षं जीव तुटला, तरी नाही जमलं." बरणीचं झाकण त्यांनी घट्ट पिळून लावलं. "तुझ्या जिवाला बरं वाटलं ना? झालं तर मग."



"वीणा, मला आपला आमटी-भात वाढ गं," म्हणत त्या उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं.

"आणि ते चित्र पुढे सरकव रे. किती वेळ खातेय ती बाई!"