स्पष्ट बोलणारा टीव्ही

बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी शेवटचे पाहुणे निघून गेले. संध्याकाळी फोरमननी टीव्ही लावला, तेव्हा त्याचा आवाज बिघडल्याचं त्यांना कळलं. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. बातम्या देणारी बाई तोंडात घास धरून बोलल्यासारखी बोलत होती.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा म्हणाला, "टीव्ही ठणठणीत आहे, काका." चौदा वर्षांचा टीव्ही ठणठणीत कसा असेल? याला काम येत नाही आणि ते कबूलही करायचं नाही, असं फोरमननी ठरवून टाकलं.

म्हणून आज ते मुलीला घेऊन दुकानात आले होते. दोनच अटी होत्या. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही आणि बोलणं कळलं पाहिजे. आता रोजची संध्याकाळ टीव्हीवरच काढायची होती. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसच्या दणदणाटात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी काही मारू शकत नाही, हे ते रस्ताभर मुलीला सांगत आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणत.

सेल्समन चाळिशीचा आणि हसरा होता. फोरमनना हसरी माणसं आधीच पटत नसत.

"रंग बघा काका. पान कसं हिरवंगार दिसतंय!"

"पान बघायला मी बागेत जाईन. आवाज लावा."

सेल्समननं बातम्या लावल्या. फोरमन समोरच्या सोफ्यावर बसले, पुढे झुकले, मग मागे रेलले.

"याचाही तोच आजार."

दुसरा लावला. मग तिसरा.

"सगळे एकाच साच्यातून काढलेत वाटतं."

"पातळ टीव्ही ना, काका. स्पीकर खालच्या अंगाला असतो. आवाज खाली जातो."

"म्हणजे बातम्या टेबलानं ऐकायच्या आणि मी नुसती चित्रं बघायची?"

मुलगी हसली. सेल्समनही हसला आणि त्यानं फळीवरचा एक लांबट काळा डबा पुढे केला. "हा जोडला की घर घुमतं बघा. आजच सवलत आहे."

"आलं का लक्षात?" फोरमन मुलीला म्हणाले. "टीव्हीचा आवाज मुद्दाम बारीक ठेवायचा आणि वरून हा डबा विकायचा."

"बाबा, हळू. ऐकतोय तो."

"काय?"

"काही नाही."

चौथा टीव्ही कोपऱ्यात होता, सगळ्यात स्वस्त. पाय दुखले म्हणून मुलगी सोफ्यावर त्यांच्या उजव्या हाताला येऊन टेकली. टीव्हीतली बाई काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

दुकानात गलका होता. मुलगी त्यांच्या कानाशी झुकली. "सोमवारी पाणी येणार नाही म्हणे."

"आणि?"

"टाक्या भरून ठेवा."

"आता तो काय सांगतोय?"

"पूल बंद आहे. मागच्या रस्त्यानं जा म्हणतोय."

फोरमनच्या कपाळावरची आठी गेली. "हा घेऊ. हा स्पष्ट बोलतो."

सेल्समननं मुलीकडे पाहिलं. मुलगी सरळ होऊन बसली आणि गप्प राहिली. अर्धं मिनिट गेलं.

"गेला!" फोरमन उठलेच. "आत्ता चांगला होता. रिमोट कुणाकडे आहे? हात दाखवा."

सेल्समननं दोन्ही हात पुढे केले. रिकामे होते. रिमोट टीव्हीखालच्या फळीवर पडला होता.

मुलीनं बाबांना मनगटाला धरून खाली बसवलं. तोंड कानाशी नेऊन विचारलं, "बाबा, आई टीव्ही बघताना काय करायची?"

"काय करणार? बडबड. टीव्हीतला माणूस जे बोलेल ते ही परत बोलायची. वर 'हा बघा, चिडला', 'ती बघा, आता रडेल' हे आहेच. सारखं. मी म्हणायचो, अगं गप बस जरा, मला ऐकू दे."



मुलगी खाली बघत होती. फोरमननी पहिल्या टीव्हीकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, मग समोरच्या. कारखान्यात बिघाड शोधताना ते असेच एकेका यंत्राकडे बघत. त्यांनी आपला उजवा कान चिमटीत धरला आणि थोडा ओढून पाहिला.

"हा बांधून देऊ का, काका?" सेल्समन या वेळी जवळ येऊन मोठ्यानं बोलला.

"नको. आज नको."

दुकानाच्या पायऱ्यांवर त्यांनी मुलीचा दंड धरला.

"दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी तू खोलीत होतीस का गं?"

"नाही. मी खाली औषधं आणायला गेले होते. तुम्हीच होतात आईजवळ. का?"

"काही नाही."

त्या दुपारी बायकोनं त्यांना बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं. आजारानं तिचा आवाज खोल गेलाय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. सांगून झाल्यावर ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा ते म्हणाले होते, "हो, करतो." मग तिनं डोळे मिटले होते.

ते काम राहिलं आहे, आणि ते कोणतं हे त्यांना माहीत नाही.