फ्लेक्सवरची बाई

सातपूरच्या मंडळानं उज्वलाच्या सत्कारासाठी स्टेजशेजारी फ्लेक्स उभा केला होता. तो बघूनच तिला शिसारी आली. पाच वर्षं पदरमोड करून तिनं सिनेमा काढला, दिग्दर्शनही तिचं आणि नायिकाही तीच. शेवटी नायिका मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातावर ठेवते. फोटो त्याच प्रसंगातला होता, पण त्या मोकळ्या गळ्यात मंडळानं ठसठशीत मंगळसूत्र डकवलं होतं. "अण्णा, हे कुणी केलं?" तिनं अध्यक्षांना विचारलं. "मीच सांगितलं, ताई! मोकळा गळा बरा दिसत नाय. घरच्या बायका येतात कार्यक्रमाला." "सिनेमा पाहिलात?" "बघू की निवांत!" टाळ्या वाजल्या, अण्णांनी तिच्या हातात शाल दिली. उज्वलानं ती उलगडली आणि तडक फ्लेक्सपाशी जाऊन फोटोतल्या बाईच्या खांद्यावरून चौकटीला अडकवली. "सत्कार हिचाच होऊ द्या," ती थुंकल्यासारखं म्हणाली, "मी हिला ओळखत नाही."