सासऱ्यांची दाढी

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर सोपानने सलून उघडलं, पण त्याचा थरथरता हात पाहून गिऱ्हाइकं बाहेरूनच माघारी जात.

आज खुर्चीत सासरे येऊन बसले. त्याच्या दारूपायी लेकीला माहेरी घेऊन गेलेले. म्हणाले, "कुसुम म्हणते, बाबा, आधी तुम्ही त्यांच्याकडून दाढी करून या, मग मी नांदायला जाते."

सोपानने फेस लावला. वस्तरा गालाला टेकताच हात हलला आणि रक्ताचा थेंब आला. तो मागे सरला. "नको मामा. हात अजून ऐकत नाही."

"गाल माझा, जावईबापू, तुम्ही कशाला कण्हता? तुरटी लावा आणि पुढचं करा." म्हाताऱ्याने मान मागे टाकून डोळे मिटले.

श्वास रोखून सोपानने वस्तरा गळ्याशी नेला, तेव्हा सासरे चक्क घोरत होते.