डायची निवड

दुबईच्या नेमबाजी क्लबात हे वीस वर्षं काडतुसं भरत होते. दोन हजार नऊच्या मंदीत साहेब म्हणाले, वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा आकारात आणायला एकच डाय, म्हणजे साचा, मागवा. कोणती, ते यांनी जेवताना मला विचारलं.

"प्रमिला, झाडलेली पुंगळी फुगून त्या रायफलीच्या मापाची होते. पहिली डाय नुसती मान आवळते, पुंगळी तिच्याच रायफलीत छान बसते. दुसरी तिला सगळीकडून दाबते, मग ती कुठेही बसते."

"पहिलीच घ्या," मी म्हटलं.

डाय यायच्या आत क्लब बंद झाला. महिन्याभरात नोकरी नाही तर व्हिसा खलास. हे रोज मुलाखतींना जायचे, "काडतुसांखेरीज काय येतं?" ऐकून रोज परत यायचे.

शेवटच्या आठवड्यात आले नि म्हणाले, "हमरिया बंदरावरच्या गोदामात घेतलं. गेटपास लिहायला."

"तुम्हाला? कसं जमलं?"

"दुसऱ्या डायनं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.